ऊर्जा प्रकल्प आणि वन्यजीव: नवीन माणसाने सुरुवात कुठून करायची

सोलर पार्क, पवनचक्क्या, तेल-गॅसच्या विहिरी, धरण, हायटेन्शन लाइन, यातलं काहीही एखाद्या जागी येणार असं कळलं की लोक लगेच दोन गटांत जातात. एक म्हणतो वीज पाहिजे ना मग गप्प बसा, दुसरा म्हणतो काहीच नको. हा लेख दोघांसाठीही नाही. वीज यावी आणि तिथले प्राणी-पक्षीही टिकावेत असं ज्याला मनापासून वाटतं, पण नेमकं काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, कोणाला काय विचारायचं हे माहीत नाहीये, त्याच्यासाठी आहे. मग तुम्ही स्थानिक असा, एखाद्या संस्थेत नुकतेच लागलेले असा किंवा प्रकल्पाच्याच कंपनीत नवीन असा, फरक पडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सगळ्यात मोठा निर्णय जागेचा असतो. जागा नीट निवडली तर निम्मे प्रश्न उभेच राहत नाहीत, आणि जागा चुकली तर नंतर लावलेले कॅमेरे, रंग, रिफ्लेक्टर ही सगळी मलमपट्टी. म्हणून तुमचा बहुतेक वेळ आणि जोर काम सुरू होण्याच्या आधी लागला पाहिजे, नंतर नाही.

पहिली पायरी: प्रकल्प म्हणजे नक्की काय-काय, ते लिहून काढा

पेपरात येतं "अमुक मेगावॅटचा सोलर पार्क", आणि आपल्या डोळ्यापुढे फक्त पॅनल येतात. खरं तर त्यासोबत रस्ते येतात, कुंपण येतं, सबस्टेशन, रात्रभर जळणारे दिवे, कामगारांची वस्ती, मुरुमाच्या खाणी, पॅनल धुवायचं पाणी, आणि तयार झालेली वीज बाहेर न्यायची लाइन. ही लाइन कित्येकदा मूळ प्रकल्पापेक्षा जास्त नुकसान करते, कारण पॅनल एका ठिकाणी असतात आणि लाइन कित्येक किलोमीटर जाते, वाटेत तळं, माळ, जंगल जे येईल त्याच्यावरून. त्यामुळे पहिला प्रश्न हाच विचारायचा की वीज बाहेर कुठून जाणार, आणि लाइनचा नकाशा मागायचा. "ते काम दुसऱ्या कंपनीकडे आहे" असं उत्तर हमखास मिळतं, तरी मागायचा, कारण पक्ष्याला कंपनी वेगळी आहे हे कळत नाही.

दुसरी पायरी: जागेला "पडीक" म्हणलंय का ते बघा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सरकारी नोंदीत जिथे झाडं दाट नाहीत आणि पीक निघत नाही ती जमीन सर्रास पडीक म्हणून लागते, आणि पडीक म्हणलं की प्रकल्पाला सगळ्यात आधी तीच दिली जाते. पण माळरान, काटेरी झुडुपी जंगल, खडकाळ पठार, वाळवंट ही उजाड जंगलं नाहीत, ते स्वतंत्र अधिवास आहेत, त्यांचं रूपच तसं आहे. लांडगा, खोकड, काळवीट, चिंकारा, माळढोक, तणमोर, धाविक, चंडोल हे सगळे याच "काही नसलेल्या" जमिनीवर जगतात आणि झाडं लावून दिली तर उलट निघून जातात. म्हणून कागदावर पडीक शब्द दिसला की थांबा आणि स्वतः जाऊन बघा.

जायच्या आधी घरी बसून बरंच कळतं. ईबर्ड या वेबसाइटवर पक्षी बघणारे आपल्या नोंदी टाकतात, तिथे त्या भागातले पक्षी बघा, आयनॅचरॅलिस्ट या तशाच वेबसाइटवर बाकीचे जीव, आणि कुठली जात किती धोक्यात आहे ते आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या रेड लिस्टमध्ये. बर्डलाइफ या पक्षी वाचवणाऱ्या जागतिक संस्थेचं अ‍ॅव्हिस्टेप नावाचं फुकट ऑनलाइन साधन आहे, २०२२ मध्ये आलं, त्यात भारतासह काही देशांचा नकाशा पवन, सोलर आणि लाइनच्या दृष्टीने पक्ष्यांना किती नाजूक आहे ते रंगाने दाखवतो. नवीन माणसाला सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे. फक्त एक लक्षात ठेवा, नोंद नाही म्हणजे प्राणी नाही असं होत नाही, बहुतेक वेळा तिथे कोणी बघायलाच गेलेलं नसतं.

आणि मग मेंढपाळांशी, गुराख्यांशी बोला, निवांत बसून. लांडग्याची बीळं कुठे आहेत, पाणी कुठे टिकतं, कुठल्या कड्यावर गिधाडं बसतात, कुठल्या महिन्यात कुठले मोठे पक्षी उतरतात, हे त्यांना माहीत असतं आणि बहुतेक अहवालांत त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

तिसरी पायरी: कुठल्या प्रकल्पाचा धोका कुठे असतो ते समजून घ्या

सगळे प्रकल्प सारखे नसतात आणि सगळ्यांवर तीच ओरड केली की कोणी ऐकत नाही. प्रश्न नेमका विचारता आला पाहिजे.

पवनचक्क्या. इथे जागेचा मुद्दा सगळ्यात उघड दिसतो. कॅलिफोर्नियातल्या आल्टामाँट पास इथे १९८० च्या दशकात हजारो छोट्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या, आणि ती जागा म्हणजे जमिनीवरच्या खारींनी भरलेली, त्यामुळे सोनेरी गरुडांची आवडती शिकारीची जागा. तिथे दरवर्षी डझनावारी गरुड पात्यांना धडकून मेले आणि हे वर्षानुवर्षं चालू राहिलं. पुढे जुन्या काढून त्याजागी कमी संख्येने मोठ्या बसवायला लागले, पण मूळ चूक जागेची होती. घारी, गरुड, गिधाडं असे तरंगत उडणारे पक्षी डोंगरकडेला वर चढणारा वारा वापरतात, आणि पवनचक्कीलाही तोच वारा पाहिजे असतो, म्हणून डोंगराच्या धारेवरची, कड्याच्या अगदी काठावरची चक्की सगळ्यात धोक्याची. धारेपासून जरा मागे सरकवली तरी फरक पडतो, आणि हे डिझाइनच्या टप्प्यावर मागता येतं.

धडकणं हा एकच परिणाम नाही. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर झालेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी दिसले, आणि त्यामुळे गळ्याला रंगीत पंख्यासारखी कातडी असलेले सरडे तिथे वाढले, त्यांची भीती कमी झाली, ताणाचं हार्मोन कमी झालं, आणि अंगानेही ते बारीक झाले. म्हणजे वरचा शिकारी हलला की खालची सगळी घडी बदलते. एकही मेलेला पक्षी सापडला नाही म्हणून काही झालं नाही असं कोणी म्हणलं तर हे उदाहरण द्या.

वटवाघळांकडे फार कमी लोक बघतात, आणि तिथेच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. वटवाघूळ वर्षाला साधारण एकच पिल्लू देतं, त्यामुळे मेलेल्यांची भरपाई फार सावकाश होते. पण ती मरतात मुख्यतः कमी वाऱ्याच्या रात्री, कारण जोराच्या वाऱ्यात ती फारशी उडतच नाहीत, आणि कमी वाऱ्यात चक्कीही थोडीच वीज बनवते. मग धोक्याच्या मोसमात रात्री चक्की जरा जास्त वाऱ्यावर सुरू करायची, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटरऐवजी पाच किंवा जास्त, आणि त्याखाली पाती फिरू द्यायची नाहीत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात याची चाचणी झाली तर मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी कमी झाले आणि वर्षाची वीज एक टक्का किंवा त्याहून कमी गेली. एवढ्या कमी किमतीत एवढा फायदा देणारे उपाय या क्षेत्रात फार नाहीत, म्हणून कुठल्याही पवन प्रकल्पात हा पहिला मागा.

गिधाडांसाठी स्पेनमध्ये तारिफाजवळ असंच केलं. निरीक्षक बसवले, गिधाड धोकादायक चक्कीकडे येताना दिसलं की तेवढी चक्की बंद. २०१२ च्या अभ्यासात मृत्यू निम्म्यावर आले आणि वीज गेली फक्त ०.०७ टक्के. नॉर्वेतल्या स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवलं, कारण फिरणारी पाती पक्ष्याला धूसर दिसतात, आणि तिथे मृत्यू ७० टक्क्यांहून जास्त कमी झाले. पण ते फक्त चार चक्क्यांवरचं काम होतं, त्यामुळे "काळा रंग लावू" एवढ्या आश्वासनावर वाईट जागेला होकार देऊ नका.

लाइन. इथे दोन वेगळे धोके आहेत आणि नवीन माणूस ते एकत्र करतो. गावात येणाऱ्या कमी दाबाच्या लाइनवर शॉक लागतो, कारण तारा जवळजवळ असतात आणि मोठ्या पक्ष्याचे पंख एकाच वेळी दोन तारांना किंवा तार आणि लोखंडी खांबाला लागतात. यावर उपाय सोपा आहे, अंतर वाढवा नाहीतर इन्सुलेशन चढवा. अमेरिकेत गरुड डोळ्यापुढे ठेवून साधारण १५० सेंटिमीटर अंतर धरतात. मोठ्या दाबाच्या लाइनवर शॉकचा प्रश्न फारसा नसतो, तिथे पक्षी धडकतो, आणि धडकतो तो बहुतेकदा सगळ्यात वरच्या बारीक अर्थवायरला, जी त्याला दिसत नाही.

माळढोकाचं तसंच आहे. पंधरा किलोपर्यंत वजनाचा पक्षी, ऐनवेळी वळता येत नाही, आणि या कुळातल्या पक्ष्यांची समोरची नजर अरुंद असते, उडताना मान खाली घालून जमीन बघायला लागला की पुढचं त्याला दिसतच नाही. भारतात आता मोकळ्या रानात दीडशेच्या आसपासच उरलेत. थरच्या वाळवंटात माळढोकाच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागात लाइनमुळे वर्षाला सगळ्या जाती मिळून ८४,००० च्या आसपास पक्षी मरतात असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तिथल्या लाइन जमिनीखाली घ्यायचा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. तारांवर फिरते किंवा चमकते मार्कर लावले की जगभरच्या अभ्यासांत सरासरी निम्म्याने धडका कमी झाल्यात. निम्म्याने म्हणजे निम्म्या राहतातच, आणि ज्याचे थोडेच पक्षी उरलेत त्याला निम्म्याही परवडत नाहीत, तिथे लाइन वळवणं किंवा जमिनीखाली घेणं हाच उपाय.

सोलर. इथे मुख्य नुकसान जमीन व्यापण्याचं आणि कुंपणाचं. सलग कुंपण घातलं की काळवीट, खोकड, ससे यांची ये-जा तुटते. मागायचं काय तर एका मोठ्या चौकोनाऐवजी तुकडे, मधून प्राण्यांना रुंद वाटा, जाळीखाली छोट्या प्राण्यांसाठी फट, काटेरी तार नको. पॅनलखाली तणनाशक मारण्याऐवजी स्थानिक गवत ठेवून मेंढ्या चरू देता येतात, बऱ्याच ठिकाणी हे चालू आहे. गडद चकचकीत पॅनल काही पाण्यातल्या किड्यांना पाणीच वाटतात आणि ते त्यावर अंडी घालून बसतात, म्हणून पाणथळीला लागून सोलर नको, आणि असेल तर पॅनलवर पांढऱ्या पट्ट्या असल्या तर हा धोका बराच कमी होतो. आणि सगळ्यात चांगलं सोलर म्हणजे छतावरचं, पार्किंगवरचं, बंद खाणीवरचं, ते पर्याय खरंच तपासले का हे विचाराच.

तेल आणि गॅस. उघड्या सांडपाण्याच्या खड्ड्यात पक्षी पाणी समजून उतरतात आणि अडकतात, तिथे जाळी किंवा बंद टाकी पाहिजे. पेटत्या ज्वाळेकडे रात्री स्थलांतर करणारे पक्षी ओढले जातात, २०१३ मध्ये कॅनडात सेंट जॉन इथल्या गॅस टर्मिनलवर धुक्याच्या रात्री सुमारे साडेसात हजार छोटे पक्षी असे मेले. आणि "प्राण्यांना सवय होते हो" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. अमेरिकेत वायोमिंगमधल्या पाइनडेलजवळच्या गॅस क्षेत्रात हरणांवर सतरा वर्षं अभ्यास झाला, त्यातली पंधरा वर्षं विहिरी आल्यानंतरची, आणि शेवटच्या वर्षांतही हरणं विहिरींपासून एक किलोमीटरहून जास्त लांबच राहत होती आणि त्यांची संख्या ३६ टक्क्यांनी कमी झाली, तेही कंपन्यांनी बरेच उपाय करून. सवय झाली नाही. अशा क्षेत्रांत थोडीफार मदत होते ती एकाच जागेवरून तिरप्या अनेक विहिरी खोदण्याची, म्हणजे रस्ते आणि वर्दळ कमी, पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही.

धरणांबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळा मोठा विषय आहे: खाली वर्षभर किती पाणी सोडणार आणि मासे वर कसे जाणार, हे दोन प्रश्न. अमेरिकेत क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ पर्यंत काढली आणि सॅमन मासे काही आठवड्यांत वर पोचले. समुद्रातल्या पवनचक्क्यांचं वेगळं, त्यांचे खांब ठोकताना होणारा आवाज हा पाण्यातल्या जीवांसाठी मोठा प्रश्न, जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे आणि ती पाळायला हवेच्या बुडबुड्यांचा पडदा वापरतात.

चौथी पायरी: आधीची नोंद, पूर्ण वर्षाची

प्रकल्पाच्या आधी तिथे काय होतं हे लिहिलेलं नसेल तर नंतर काय गेलं हे कधीच सिद्ध होत नाही. अहवालात सर्व्हेच्या तारखा बघा. एका हंगामातला आठवडाभराचा सर्व्हे असेल तर त्यात स्थलांतरित पक्षी नाहीत, वीण नाही, पावसाळ्यातले बेडूक नाहीत. रात्रीचा सर्व्हे होता का, वटवाघळांचे आवाज रेकॉर्ड केले का, पक्षी किती उंचीवरून उडत होते ते नोंदवलं का. नुसती जातींची यादी पवन प्रकल्पाला कामाची नाही, पात्यांच्या उंचीवरून कोण किती वेळा जातं ते पाहिजे. आणि शेजारचीच तशीच पण प्रकल्प नसलेली एक जागा सोबत मोजली पाहिजे, नाहीतर नंतर घट झाली की दुष्काळावर ढकलता येते.

एक माहिती असू द्या: भारतात २००६ च्या अधिसूचनेखालचा पर्यावरण परिणाम अहवाल जमिनीवरच्या पवन आणि सोलरच्या साध्या प्रकल्पांना लागत नाही. म्हणजे अहवालच नसण्याची शक्यता आहे, तेव्हा तुमच्या स्वतःच्या नोंदींना फार किंमत येते. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी चाला, काय दिसलं आणि काय दिसलं नाही तेही लिहा, नोंद ईबर्डवर टाका म्हणजे तारीख पक्की होते. घरट्याची किंवा बिळाची अचूक जागा मात्र जाहीर टाकू नका.

पाचवी पायरी: उपायांचा क्रम उलटू देऊ नका

जगभर मान्य असलेला क्रम असा की आधी टाळा, टाळता येत नाही ते कमी करा, बिघडलं ते पूर्ववत करा, आणि मग जे उरलं त्याची दुसरीकडे भरपाई. प्रत्यक्षात काय होतं, सरळ शेवटच्या पायरीवर उडी, "इतकी हजार झाडं लावू". माळरान गेलं तर झाडं ही त्याची भरपाई नाही, दुसऱ्या माळावर झाडं लावली तर दोन माळ गेले. भरपाई त्याच प्रकारच्या अधिवासाची, प्रकल्पाच्या आयुष्यभर टिकणारी आणि मोजता येणारी पाहिजे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून बहुतेक मोठ्या बांधकामांना निसर्गाची स्थिती आधीपेक्षा १० टक्के चांगली करून देणं बंधनकारक आहे, म्हणजे कायद्यात हे बसवता येतं.

जिथे कायदा गप्प आहे तिथे पैसा कुठून येतो ते बघा. जागतिक बँक गटातली आयएफसी ही खासगी प्रकल्पांना कर्ज देणारी संस्था, तिचं जैवविविधतेबद्दलचं सहावं मानक, २०१२ पासून लागू असलेलं, अतिमहत्त्वाच्या अधिवासात प्रकल्प असेल तर तिथल्या त्या जातींचा निव्वळ फायदा दाखवायला सांगतं, आणि अनेक मोठ्या बँका मोठ्या प्रकल्पांच्या कर्जाला हीच मानकं धरतात. कर्ज देणाऱ्या बँकेला गेलेलं एक मुद्देसूद पत्र दहा निषेधांपेक्षा जास्त काम करतं असं माझं मत आहे.

सहावी पायरी: सुरू झाल्यावर मेलेले नीट मोजा

इथे आकड्यांनी फसायला फार सोपं आहे. समजा वर्षात चक्क्यांखाली चार पक्षी सापडले. पण शोधणाऱ्याला मुद्दाम ठेवलेल्या मृत पक्ष्यांपैकी निम्मेच सापडतात असं चाचणीत दिसलं, निम्मे पुढच्या फेरीच्या आधी कुत्री-कोल्हे उचलून नेतात, आणि काटेरी झुडुपांमुळे निम्मीच जागा तपासता येते. मग खरे मेलेले चार नाहीत, बत्तीसच्या आसपास. म्हणून कुठल्याही अहवालात या तिन्ही दुरुस्त्या केल्यात का ते बघा, आणि फेऱ्या किती दिवसांनी होत्या तेही, कारण छोटं वटवाघूळ एका रात्रीत नाहीसं होतं आणि महिन्याने एकदा बघणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही. शिकवलेली कुत्री माणसापेक्षा कितीतरी जास्त शोधतात, विशेषतः वटवाघळं. तुम्हाला स्वतःला मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, जवळच्या खांबाचा नंबर दिसेल असा फोटो, लोकेशन, तारीख, आणि वनविभागाला कळवा.

सातवी पायरी: लेखी मागा

सुनावणी असेल तर तिथे, नसेल तर पत्राने, पण लेखीच. भावना असू द्या पण मुद्दे मोजके ठेवा: जागेचे कुठले पर्याय तपासले आणि का सोडले, लाइनचा मार्ग, सर्व्हेच्या तारखा, चक्की किंवा लाइन कुठल्या परिस्थितीत बंद होणार आणि ते ठरवणार कोण, किती मृत्यू झाले की उपाय वाढवणार. आणि आजूबाजूच्या सगळ्या प्रकल्पांचा मिळून परिणाम काढला का, कारण प्रत्येक अहवालात आपला परिणाम "किरकोळ" असतो आणि त्याच पठारावर असे दहा किरकोळ उभे असतात. नोंदीतला कच्चा डेटा सगळ्यांना बघायला मिळेल ही अट मंजुरीतच घालून घ्या, नंतर तो मिळत नाही. पहिल्या वर्षाचा मृत्यू अहवाल कधी येणार आणि कोणाकडे मिळणार ती तारीखही त्याच पत्रात लिहून घ्या, आणि ती तारीख आली की मागायला जा.